झाकण उघडायचं नाही

धूर टिकवायला अक्कल लागते, असं महेंद्रचं मत होतं. ती सबंध डोंबिवलीत आपल्या एकट्याकडे आहे, हे त्याचं दुसरं मत.

अडचण एवढीच, की धूर टिकत नव्हता.

तळमजल्याच्या फ्लॅटमागे जरासं अंगण. तिथे त्याने तेलाचं जुनं पिंप कापून, आत जाळी बसवून धुरावर कोंबडी शिजवायची सोय केली होती. लाकडाचे तुकडे भिजवून टाकले तर नुसती वाफ, कोरडे टाकले तर भडका. थोड्या वेळात धूर गायब, कोंबडी अर्धी कच्ची, आणि मग सगळे सासूबाईंनी आणलेला मटणाचा डबा खायचे.

सासूबाई म्हणजे शांताबाई, ठाण्यात टेंभी नाक्याला राहणाऱ्या. लेकीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. पण महेंद्रला त्या डब्यात अविश्वास दिसायचा. या रविवारी त्याने आधीच फोन केला. आई, डबा आणायचा नाही. आणलात तर मी जेवणार नाही.

पलीकडून त्या "बरं" म्हणाल्या.

*

(कोंबडी सध्या फ्रिजमध्ये आहे, दह्यामसाल्यात. तिच्याकडे नंतर येऊ.)

*

उपाय त्याला चाळीतल्या लहानपणात सापडला. भुशाची शेगडी! मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद ओढून काढायची. मधे पोकळी राहते, भुसा आतल्या आत धुमसत बसतो. महेंद्रने ठाकुर्लीच्या वखारीतून आंब्याचा भुसा आणला, शेगडीत ठासला, पेटवला आणि पिंपाच्या तळाशी सरकवला.

धूर निघाला. पेन्शनसारखा. बारीक, पण न चुकता येणारा.

महेंद्रचे डोळे भरून आले. थोडे धुरानेही. हा धूर वाया जाऊ नये म्हणून त्याने घाईघाईने झाकण लावलं, तारेने आवळलं आणि बायकोला बजावलं, "दर्शना, जेवणाच्या वेळेपर्यंत पिंपाला कोणी हात लावायचा नाही."

*

इमारतीच्या ग्रुपवर:

तिसऱ्या मजल्यावरची सोनल: धूर येतोय. कुठली केमिकल कंपनी?

सेक्रेटरी दिपेश: वास घेऊन सांगा.

सोनल: चांगला आहे. म्हणजे कंपनी नाही.

*

दिपेश खात्री करायला खाली आला. झाकण उघडा म्हणाला. महेंद्रने नकार दिला, उलट जेवायला थांबायचं आमंत्रण दिलं. सेक्रेटरी विरघळला आणि ग्रुपवर 'कोंबडी आहे' असं टाकून खुर्ची ओढून बसला.

मग शांताबाई आल्या. हातात पिशवी. पाणी पिऊन येते म्हणून आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि पिंपाकडे बघत राहिल्या.

"महेंद्रराव, एकदा उघडून बघायचं का?"

"आई, धूर जाईल."

महेंद्रने दिपेशला भुसा ठासण्याची कला समजावली. ती संपल्यावर शांताबाईंनी पुन्हा हळूच विचारलं, आत सगळं जागच्या जागी असेल ना? महेंद्र नुसता हसला. जुन्या माणसांना धीर नसतो, असं ते हसू होतं.

जेवणाची वेळ झाली. दर्शनाने पानं घेतली. महेंद्रने तार सोडली, झाकण उचललं. धुराचा लोट वर गेला, विरला, आणि जाळी दिसली.

जाळी चांगली तपकिरी झाली होती. तिच्यावर काहीही नव्हतं.

"आटली का?" दिपेशने विचारलं.

महेंद्रने दर्शनाकडे पाहिलं. दर्शना म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? हात लावायचा नाही म्हणालेलास."

शांताबाई उठल्या, आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या.

"फ्रिजमध्ये ठेवायला गेले, तर याला जागाच नव्हती. कोंबडी होती तिथं."

"आई, मग सांगायचं ना!"

"दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, धूर जाईल."

न जेवण्याच्या शपथेचा विषय कोणी काढला नाही. महेंद्रने दोनदा रस्सा घेतला, खाली मान घालून.

*

संध्याकाळी, ग्रुपवर:

सोनल: वास अजून येतोय. केवढी कोंबडी आहे?

महेंद्रने मेसेज वाचला. मागे अंगणात भुसा शांतपणे धुमसत होता.

त्याने लिहिलं: अजून झाली नाही.