गद्रेकाकांचं कपाट

माझ्या भाचीच्या बारशाच्या फोटोंची लिंक मी कौतुकाने शेजारच्या गद्रेकाकांना पाठवली, तर त्यांचं उत्तर आलं: "पोचले नाहीत. तुम्ही पाठवलेत ते फोटो नव्हेत, फोटोंचा पत्ता आहे. तोही परक्या घराचा." खाली बाळाला आशीर्वाद होते, चांगले सविस्तर.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत या एकाच माणसाला मोठ्या कंपन्यांच्या क्लाउडचं वावडं आहे. "आपली ट्रंक लोकांच्या माळ्यावर ठेवू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काका पुस्तकं वाचून वाचून हे शिकले. सुटे भाग जमवून कॉम्प्युटर जोडला, त्यात मोफत मिळणारं सॉफ्टवेअर घातलं. मोफत म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. "फुकट नव्हे हो, मोकळं. झाकण काढून आत काय शिजतंय ते बघता येतं." मी पंधरा वर्षं खराडीत सॉफ्टवेअरचंच काम करते, पण त्यांच्यापुढे गप्प बसते.

त्या कॉम्प्युटरला सगळे कपाट म्हणतात. पाइपांचे नकाशे, सभांची इतिवृत्तं, वीस गणेशोत्सवांचे फोटो, सोसायटीचं सगळं त्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या साठेबाईंचं क्लाउडचं खातं एकदा अचानक बंद पडलं आणि मुलाच्या लग्नाचे फोटो गेले. दाद मागायची तर पलीकडे माणूसच नाही! काकांनी तेव्हाच मागून ठेवलेली प्रत कपाटात निघाली. "मी सांगत होतो," असं ते अवाक्षरानेही म्हणाले नाहीत. पुण्यात याला संतपणच म्हणायचं.

अडचण एकच. काही हवं असलं की पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्या घरी जायचं. ते चहा टाकणार, फाइल शोधणार, आणि फोटोतला प्रत्येक माणूस कोण ते सांगणार. तासाभराची निश्चिंती. नव्या कमिटीला हे जड झालं. सभेत ठरलं की रविवारपर्यंत काकांनी घरबसल्या फाइली मिळायची सोय करावी, नाहीतर सगळं क्लाउडवर हलवून कपाट बंद करायचं. निरोपाची कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

मी चाचरत सांगितलं. वर शहाणपणाने म्हटलं, जमत नसेल तर मी करून देते. काकांनी पडद्यावर एक पान उघडलं. सगळी सोय तयार होती, प्रत्येक घराच्या नावानिशी. फक्त सुरू केलेली नव्हती.

"हे कधी केलंत?"

"दोन वर्षं झाली. ही गेली, त्याच्या पुढच्या महिन्यात."

"मग सुरू का नाही केलंत?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "अहो, मग इथे येईल कोण?"

मला स्वतःचीच लाज वाटली. त्या चहाला मीही कटकट म्हणत आले होते. कमिटीशी बोलते म्हटलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. आपल्या एकट्यापायी सगळ्यांच्या वस्तू परक्या घरी जाऊ देणं त्यांना पटत नव्हतं. त्यांनी स्वतःच बटण दाबलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: "सोय सुरू झाली आहे. यापुढे घरी येण्याचे कष्ट घेऊ नयेत."

मी उठलेच नाही. म्हटलं, "काका, हे सगळं मला शिकवा. रोज संध्याकाळी, थोडं थोडं."

"तुम्ही खराडीत हेच करता ना?"

"हो. पण मला जरा सावकाश समजतं."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "वही आणा उद्या. पहिले सहा महिने कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."