घोरपडीला निरोपावर बोलावलं

कवडेबेटावरचे प्राणी आमंत्रण असल्याशिवाय पाहुण्यांना दिसत नाहीत. घरच्यांना ते रोजच दिसतात, तिथे कसला मान? पण पाहुणे येणार असले की घरातल्या माणसाने आदल्या दिवशी प्रत्येकाच्या दारी जायचं, अक्षता ठेवायच्या आणि तोंडाने ‘या’ म्हणायचं. नाहीतर धनेश कुंपणावर बसलेला असला तरी पाहुण्याला नुसतं कुंपण दिसतं.

गुणाजी कोयंडेकडे येणारे पाहुणे कणकवलीचे होते. सुगंधा आणि तिचे वडील केळुसकर घर आणि मुलगा बघायला येणार होते. फोनवर सुगंधाने एकच विचारलं होतं, “तुमच्याकडे पाणमांजरं खरंच आहेत?”

“हो,” गुणाजी म्हणाला होता.

“मग येते,” ती म्हणाली होती. तेव्हापासून गुणाजी होडी धुताना, जाळं विणताना उगाचच हसत होता.

तो बोलायला फार लाजायचा. पाणमांजराला, वाघळांना आणि धनेशाला तो स्वतः बोलावून आला, कारण ती फारशी बोलत नाहीत. घोरपड मात्र बेटावर सगळ्यांत वडीलधारी आणि तोंडाची फटकळ. तिच्यापुढे उभं राहायचा त्याला धीर होईना. त्याने खंड्या पक्ष्याच्या हाती निरोप धाडला.

सकाळी पाहुणे आले. चहापोहे झाल्यावर गुणाजीने त्यांना उंडीच्या झाडाखाली नेलं. “इथे वाघळं असतात.”

“सावली छान आहे,” सुगंधा वर बघून म्हणाली. वाघळं तिच्या डोक्यावरच लटकली होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

खाडीच्या काठावर पाणमांजर गुणाजीच्या पायाशी बसून मासा खात होतं. त्याने बोट दाखवलं.

“पाणी दिसतंय,” केळुसकर म्हणाले. “पाणी आमच्या विहिरीतपण आहे, गुणाजीराव.”

परतताना सुगंधा हळूच म्हणाली, “नसतील तर नाही म्हणायचंत. पाणमांजरासाठी मी नकार दिला नसता. खोटं कशाला बोललात?”

गुणाजी तसाच स्वयंपाकघरात आतेकडे, म्हणजे आपल्या आत्याकडे गेला. आते आमटीला फोडणी देत होती.

“घोरपडीक कोणी बोलावल्यान?” तिने विचारलं.

“खंड्याक धाडलंय.”

“अरे मेल्या! वडीलधाऱ्यांक निरोपावर बोलावतंत? ती रुसली तर बाकीचे कसे पुढे येतले? जेवणं झाली की होडी सुटतली. धाव!”

घोरपड कातळावर ऊन खात पडली होती. गुणाजीला पाहून तिने एकच डोळा उघडला.

“पायांक मेंदी लागलेली काय रे?”

“आजी, चुकलो.”

“तुझो खंडो इलो होतो. तोंडात मासो धरून बोलत होतो. माका एक शब्द कळाक नाय.”

“भ्यालो होतो.”

“माका?”

“तुम्हांला. तिलापण. सगळ्यांनाच.”

घोरपडीने जीभ बाहेर काढून आत घेतली. “मग तिच्याशी तरी कोण बोलतलो? खंडो?”

गुणाजीने अक्षता कातळावर ठेवल्या. “आमच्याकडे पाहुणे आलेत. तुम्ही सहकुटुंब यावं.”

“माका कुटुंब नाय.”

“मग एकट्या या.”

घोरपड पुढे आणि गुणाजी मागे, असे दोघे अंगणात आले. तिने पायरीवर पाय ठेवला तशी उंडीवरची वाघळं दिसू लागली. धनेश कुंपणावर होताच, तोही दिसू लागला. केळुसकरांनी हातातला जेवणानंतरचा विडा खाली ठेवला आणि घोरपडीला वाकून नमस्कार केला, कारण ती वयाने मोठी वाटत होती.

“प्रवास बरो झालो?” घोरपडीने विचारलं.

“झाला. होडी जरा हलत होती.”

“हलताच ती.”

पाणमांजर खाडीतून आलं, अंग झटकलं आणि सरळ सुगंधाच्या मांडीवर चढून बसलं. तिने त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला आणि गुणाजीकडे बघितलं.

“तुम्ही खोटं बोलला नव्हतात,” ती म्हणाली.

घोरपड खाकरली. गुणाजीचे कान लाल झाले. मग तो सगळ्यांसमोर म्हणाला, “मला तुम्ही आवडलात. इथे राहायला याल?”

धक्क्यावरून होडीवाल्याने हाक मारली. केळुसकर उठले, चपला घातल्या. “सुगंधा, चल गो.”

“बाबा, हे झोपलंय,” सुगंधा म्हणाली. “आता कशी उठू?”

केळुसकरांनी पाणमांजराकडे बघितलं, मग गुणाजीकडे, मग पुन्हा मुलीकडे. त्यांनी चपला काढल्या आणि होडीवाल्याला हात हलवून जायला सांगितलं.

आते आणखी भात लावायला आत गेली. गुणाजी सुगंधाशेजारी पायरीवर बसला आणि दोघं हळू आवाजात बोलू लागली. पाणमांजराला खरं तर केव्हाच जाग आली होती. पण ते डोळे मिटून तसंच पडून राहिलं.