मुकादमभाईंची हरणं

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात शेंगांची पोती होती. एखादं असतं तर मी बोलले नसते. पण पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत एकावर एक रचलेली पोती, आणि त्यांतून पायरीपायरीवर सांडलेल्या वाळक्या, वेटोळ्या शेंगा! भाजीची पिशवी घेऊन वर चढताना दोनदा माझा पाय घसरला. हे ओमानमधलं सूर गाव समुद्राकाठचं. इथं लोक मासे वाळवतात, जाळी विणतात, लाकडी गलबतं बांधतात. शेंगा कुणी साठवत नाही.

पोती मुकादमभाईंची. आमच्या घराखाली दोर, जाळी आणि बोटीला लावायच्या रंगाचं दुकान आहे, ते मुकादमभाई चालवायचे. मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. उंच, काटकुळे, दाढीला मेंदी. दुकानामागच्या खोलीत एकटे राहायचे. त्या उन्हाळ्यात, म्हणजे दुपारी बाहेर पाऊल टाकलं तर चप्पल डांबराला चिकटायची अशा दिवसांत, हा माणूस डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून रस्त्याकडेच्या समुरच्या झाडाखाली उकिडवा बसून शेंगा वेचायचा. समुर म्हणजे आपल्या बाभळीची इथली चुलत बहीण. काटे तेच, सावली तेवढीच विरळ.

"मुकादमभाई, बकऱ्या पाळणार आहात का?" मी विचारलं.

"नाय."

"औषधाला लागतात?"

"नाय."

"मग?"

"तुमाला नाय कळायचं, मॅडम."

मी इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते. न कळण्याची मला सवय नाही, आणि कुणी तसं तोंडावर सांगितलं तर रात्रीचं जेवण गोड लागत नाही. नवऱ्याला सांगितलं, तर तो कारखान्यातून शिफ्ट करून आलेला, अर्धा झोपेत. म्हणाला, "अगं, सोड ना. माणूस फार दिवस एकटा राहिला की काहीतरी गोळा करतो. त्याच्या शेंगा, तुझे प्लॅस्टिकचे डबे." यावर आमच्यात दोन दिवस अबोला होता, तो वेगळा विषय.

उन्हाळा सरला तसे एका शुक्रवारी मुकादमभाई स्वतःच वर आले. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट. दारातच उभे राहिले. "मॅडम, तुमची गाडी लागंल. तुमीपण लागाल. मला चालवता येत नाय."

"कुठे जायचंय?"

"हरणांना चारायला."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. तो पेपरात तोंड खुपसून हसत होता.

खरी गोष्ट गाडीत कळली, तीही तुकड्यातुकड्यानं. मुकादमभाईंच्या बायकोला, हमिदाभाभींना, व्हिजिट व्हिसा मिळाला होता. मुकादमभाई इथं आल्यापासून त्या पहिल्यांदाच येणार होत्या. इतकी वर्षं घरात अंथरुणाला खिळलेली सासू, मग मुलं, मग मुलांची लग्नं. निघणार कशा? भाई दोन वर्षांनी एकदा जायचे आणि रजेचे आठवडे संपले की परत. बाकी सगळा संसार शुक्रवारच्या फोनवर.

"फोनवर काय बोलायचं, सांगा," मुकादमभाई म्हणाले. "तिच्याकडं सांगायला शंभर गोष्टी. गाय व्याली, माड पडला, अमक्याच्या घरी भांडण. माझ्याकडं काय? दुकान, खोली, दुकान. एकदा सांगितलं, आज हरीण दिसलं. एवढी खूश झाली, मॅडम! पुढच्या जुम्म्याला पयला सवाल, हरीण दिसलं काय? म्हटलं, दिसलं ना."

आणि मग ते हरीण वाढत गेलं. त्याला जोडीदारीण आली. तिला पाडस झालं. ते पाडस एका पायानं लंगडायचं, त्यासाठी हमिदाभाभींनी गावच्या दर्ग्यात नवस बोलला, आणि दोन शुक्रवारांनी मुकादमभाईंना त्याचा पाय बरा करावा लागला. आता हरणं त्यांच्या हातून खातात, नावानं हाक मारली की येतात, इथवर प्रकरण पोचलं होतं. भाभी येणार होत्या त्या नवऱ्याला भेटायला, हे खरंच. पण सामानाची तयारी सांगताना म्हणाल्या होत्या, हरणांसाठी घरचा गूळ आणते.

"मुकादमभाई, तुम्ही खरं हरीण कधी पाहिलंत का?"

त्यांनी तोंड काचेकडे वळवलं. "एकदा. टॅक्सीतून. लांबून." मग खाली मान घालून, "बकरीपण असंल."

मी गाडी थांबवून हसले. तेही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "तिनं माझ्या एका शब्दावर कधी शंका घेतली नाय, मॅडम. आता या वयात मला खोटारडा ठरायचं नाय."

गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी समुरची झाडं आहेत. तिथं हरणं आहेत असं सगळे सांगतात. मुकादमभाईंनी तिथं एक पोतं रिकामं केलं. शेंगांवर गुळाचं पाणी शिंपडलं, कारण घरी बैलाला असंच देतात. मग दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "याऽऽ या या याऽऽ!"

"अहो, हे काय?"

"बोलावतोय."

"ही बकऱ्यांना मारायची हाक आहे!"

"मग हरणांची कुठली हाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बकऱ्यांकडे मात्र होतं. डोंगरामागून अख्खा कळप उधळत आला, पाठोपाठ दोन गाढवं, आणि गुळासकट सगळं फस्त. मागून काठी टेकत त्यांचा मालक आला, सालिम नावाचा म्हातारा ओमानी. मला वाटलं, आता शिव्या बसणार. तो तोडक्या हिंदीत म्हणाला, "बहोत अच्छा! कल भी लाना."

पुढचे कित्येक शुक्रवार हेच. गाडीच्या डिकीत शेंगांचा वास, गुळाला लागलेल्या मुंग्या, आणि सालिमच्या बकऱ्या गुटगुटीत. हरणाचं शेपूटही नाही. त्या वर्षी देशाची साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर गेली होती, कुणालाच वार कळत नव्हता. मीसुद्धा एकदा सुट्टीच्या दिवशी शाळेच्या बंद फाटकापर्यंत जाऊन आले. मुकादमभाई म्हणाले, "हरणांनापण अजून कळलं नसंल."

अखेर मीच बोलले. "भाई, तुम्ही इतकं अत्तर लावून येता, हरणाला मैलावरून कळत असेल. आणि ओरडू नका. आणि गूळ बंद करा."

"जुम्म्याला अत्तर लावायचं नाय?" त्यांचा जीव कासावीस झाला. मग तोडगा निघाला: शुक्रवार अल्लाचा, शनिवार हरणांचा. शनिवारी सकाळी मुकादमभाई बिनअत्तराचे, बिनआवाजाचे बसू लागले. तरी काही नाही. मी विचारलं, "भाभींना खरं सांगून टाकलं तर?" तर म्हणे, "सबूर ठेवा. तुमाला नाय कळायचं."

हमिदाभाभी आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. आल्या दिवशीच त्यांनी ती खोली धुऊन काढली, मला सुक्या बोंबलांची चटणी दिली आणि विचारलं, "हरणं कधी दाखवणार हे?" मुकादमभाई म्हणाले, "इन्शाल्ला." दुसऱ्या दिवशीही इन्शाल्ला. दोन शनिवार वाया गेले. कधी हरणांचं पाणी पिण्याचं ठिकाण बदललं, कधी ती डोंगरापलीकडे लग्नाला गेली. भाभी सगळं मान डोलावून ऐकायच्या. त्यांना पटतंय की त्या मजा बघतायत, मला काही केल्या ठरवता येईना.

मग त्यांच्या परतीच्या विमानाआधीचा शनिवार उजाडला. सालिमनं मुकादमभाईंच्या विनवणीवरून बकऱ्या वाड्यात कोंडल्या. गाढवांची हमी त्यानं दिली नाही. मी गाडी लांब उभी करून आतच बसले. ती दोघं समुरच्या झाडाखाली चटईवर बसली, समोर शेंगांचा ढीग. खूप वेळ भाभींचा आवाज येत होता. मग तो बंद झाला. बघते तर त्या मुकादमभाईंच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपलेल्या.

आणि हरणं आली.

देवाशपथ सांगते, तीन होती. तांबूस पाठ, पांढरं पोट, काडीसारखे पाय. एक पाऊल टाकायची, थांबायची, कान फिरवायची. मग ढिगाशी आली आणि शेंगा खाऊ लागली, मुकादमभाईंपासून चार हातांवर. मी काचेआडून खुणा करत होते, उठवा, अहो उठवा त्यांना! मुकादमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि हलकेच मान हलवली. नाही. ते हरणांकडेसुद्धा बघेनात. खांद्यावरच्या डोक्याकडे बघत होते, श्वाससुद्धा जपून घेत होते.

हरणांनी पोटभर खाल्लं आणि आली तशी निघून गेली. भाभी बऱ्याच वेळानं जाग्या झाल्या. तोवर मी पाय न वाजवता जवळ पोचले होते.

"आली होती?" डोळे चोळत त्यांनी विचारलं.

"नाय," मुकादमभाई म्हणाले.

ज्या गोष्टीसाठी या माणसानं उन्हात कातडी भाजून घेतली, ती समोर येऊन गेली, आणि हा म्हणतो नाय? भाभी गाडीकडे निघाल्या तसं मी मुकादमभाईंना बाजूला घेतलं. "तुम्ही खरे ठरला असतात हो! का नाही उठवलंत?"

"घरात तिला अशी झोपलेली मी कधी बघितली नाय, मॅडम," ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "माझी आई हाक मारायची, पोरं रडायची, ती कायम अर्धी जागी. आज माझ्या खांद्यावर निवांत झोपली. कशी उठवू? आणि आली होती सांगितलं, तर बिचारी हळहळली असती." दाढी पुसल्यासारखं करून त्यांनी डोळे पुसले.

गाडीत बसताना भाभींनी मला धरलं. "मॅडम, तुमी तरी खरं सांगा. आली होती काय?"

मी मुकादमभाईंकडे पाहिलं. "नाही हो भाभी," मी म्हणाले.

"म्हंजे परत यावं लागणार!" त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळून, "पुढच्या साली मी लवकर येते. तोवर तुमी शेंगा वेचून ठेवा." हरणं न आल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.