स्विचला सांगितलेल्या नऊ वह्या

सोमवारी फर्मवेअर बदलता बदलता वीज गेली आणि नांदूरवाड्याच्या तालुका विहीर नोंदणी कार्यालयातला स्विच सगळं विसरला. आता कुणीतरी समोर बसून त्याला पहिल्यापासून तोंडी सांगायला हवं होतं.

यात नवल काही नव्हतं. स्विच म्हणजे कार्यालयातल्या चोवीस संगणकांना एकमेकांशी बोलतं ठेवणारा लोखंडी डबा, आणि आपण कोण, आपल्याला काय करायचं, हे त्याला ज्याच्या जोरावर कळतं ते फर्मवेअर. जुनं पुसलं गेलं होतं, नवं अर्ध्यात अडकलं होतं. अशा अवस्थेत स्विचला दोनच शब्द येतात. पान बरोबर असलं तर तो "हं" म्हणतो, चुकलं तर "पुन्हा". सांगणारा आवाज एकच लागतो. हुंकार मिळाल्याशिवाय पुढचं पान सांगायचं नसतं. आणि एकाच पानाला दहा वेळा "पुन्हा" झालं की तो ऐकणं कायमचं सोडतो.

जिल्ह्याहून आलेले अभियंता कोपरकर यांनी कंपनीला फोन लावला. ते मॉडेल बंद होऊन सहा वर्षं झाली, जुनं फर्मवेअर आम्ही ठेवत नाही, असं उत्तर आलं. कोपरकरांनी लगेच भंगाराचा अर्ज भरून टाकला. शुक्रवारी चार वाजता टेम्पो येणार होता.

अनुसयाबाई खिल्लारे त्या वेळी झाडू घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांच्या नेमणुकीच्या आदेशात एकच ओळ होती : 'सदर स्विच कार्यरत असेपर्यंत स्विचच्या खोलीच्या साफसफाईसाठी.' म्हणजे स्विच टेम्पोत चढला की अनुसयाबाई घरी बसल्या. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती ओळ त्यांनी स्वतः वाचली होती, आणि वाचायला त्यांना कुणाच्या बापाने शिकवलं नव्हतं.

"जुनं माझ्याकडं हाय," त्या म्हणाल्या.

"काय आहे मावशी?"

"तुमचं ते फर्मवेअर. नऊ वह्या हायेत. आन् मी तुमची मावशी न्हाई. तुमच्या आईला बहीण नसंल तर त्याला मी काय करू? अनुसयाबाई म्हणा."

बारा वर्षांपूर्वी स्विच आला तेव्हा त्याच्याबरोबर छापील कागदांचा एक गठ्ठा आला होता. त्यात फर्मवेअर होतं, ओळीच्या ओळी. त्याच वर्षी अनुसयाबाईंनी लिहायला शिकायचं मनावर घेतलं. खोलीत गिरवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी तो गठ्ठा गिरवायला घेतला. रोज झाडलोट झाली की एक पान. फर्मवेअरला ए ते एफ एवढीच अक्षरं लागतात. त्यामुळे इंग्रजीची पहिली सहा अक्षरं आणि सगळे आकडे अनुसयाबाई मोत्यांसारखे काढत. 'जी'शी त्यांची आजवर भेट झाली नव्हती आणि तिच्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. पुढे गठ्ठा रद्दीत गेला. वह्या पत्र्याच्या ट्रंकेत राहिल्या.

तालुका अधिकारी हुलसूरकर साहेबांनी वह्या चाळल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"प्रत साक्षांकित नाही."

"अक्षर माझं हाय. मीच साक्ष."

"असं चालत नाही, बाई."

"मग ज्याचं चालतंय त्याला बोलवा. त्यानं नऊ वह्या लिहिल्यात का, तेवढं इचारा."

साहेबांनी चष्मा परत चढवला आणि फाइलवर लिहिलं, 'प्रयत्नास हरकत नाही. जबाबदारी संबंधितांची.'

मंगळवारी दुपारी अनुसयाबाईंनी स्विचपुढे पाट मांडला, शेजारी तांब्याभर पाणी ठेवलं आणि पहिली वही उघडली.

"चार, एफ, शून्य, शून्य, बी, नऊ..."

"हं," स्विच म्हणाला.

स्विच सरकारी होता. जेवणाच्या सुट्टीत तो ऐकत नसे, आणि पावणेसहा वाजले की ओळ अर्धी तोंडात असली तरी गप्प व्हायचा. सकाळी बरोबर तिथूनच पुढे. अनुसयाबाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. बुधवारी त्यांचा घसा बसला. गुरुवारी त्या खडीसाखर तोंडात धरून सांगू लागल्या. जाता-येता कारकून दारात थबकत.

"पोथी कुठवर आली, अनुसयाबाई? प्रसाद कधी?"

"टेम्पो गेला की. दोन्ही हात धुऊन ये."

शुक्रवारी तीन वाजता नवव्या वहीचं एकसष्टावं पान आलं आणि अनुसयाबाई थांबल्या.

कोपरकरांनी वाकून पाहिलं. पानावर आकडा एकही नव्हता. वरपासून खालपर्यंत, चाळीस ओळी, मराठीत एकच शब्द होता : अनुसया.

ते पान लिहिलं त्या दिवशी हजेरीपटावर सही करायला त्या पुढे झाल्या होत्या आणि हेडक्लार्कने शाईचा पॅड सरकवून म्हटलं होतं, "अंगठेबहाद्दर, आपलं हे." अनुसयाबाई खोलीत आल्या होत्या आणि ए-बी-सी बाजूला ठेवून हे पान लिहून काढलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गठ्ठ्याचं पुढचं पान. मधलं एक पान राहिलं ते राहिलंच.

"सोडा ते, पुढचं वाचा," कोपरकर म्हणाले.

त्यांनी पुढचं वाचलं.

"पुन्हा," स्विच म्हणाला.

आणखी दोनदा तेच झालं. कोपरकरांनी सगळी शून्यं सांगायला लावली. "पुन्हा." सगळे एफ. "पुन्हा." कोपरकरांनी घाईघाईने मनाचे आकडे कागदावर लिहून दिले, एकदा, दोनदा, चारदा. नववं "पुन्हा" झालं तेव्हा बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

कोपरकरांनी भंगाराचा अर्ज अनुसयाबाईंपुढे केला. "एकच संधी उरली आहे, ती वाया कशाला घालवायची? संबंधित म्हणून सही करून टाका."

"तुमचे आकडे मी सांगून पाहिले. खोटे निघाले. माझ्या वहीत खोटं काय न्हाई. त्या दिशी जे लिहायचं होतं तेच मी लिवलंय."

अनुसयाबाईंनी पदर खोचला आणि पान वाचायला सुरुवात केली.

"अनुसया. अनुसया. अनुसया..."

बसलेला घसा दहाव्या ओळीला सुटला. तिसाव्या ओळीला आवाज हेडक्लार्कच्या टेबलापर्यंत पोचला. चाळिसावी ओळ संपली.

"हं," स्विच म्हणाला.

उरलेली पानं त्यांनी एका दमात सांगितली. चारला पाच कमी असताना चोवीस हिरवे दिवे लागले. टेम्पोवाला म्हणाला, मला रिकामं जाता येत नाही, काहीतरी द्यावं लागेल. अनुसयाबाईंनी हेडक्लार्कच्या टेबलावरचा शाईचा पॅड उचलून टेम्पोत ठेवला आणि मग सगळ्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली.

सोमवारी सकाळी चोवीसही संगणकांनी काम सुरू करण्याआधी पडद्यावर 'अनुसया' असं दाखवलं. बटण दाबलं की दुसरं 'अनुसया' येई. असं चाळीस वेळा. हुलसूरकर साहेबांनी दोघांना बोलावून घेतलं.

"सरकारी यंत्रात खासगी नाव कसं काय? काढा ते."

"काढता येईल, सर," कोपरकर म्हणाले. "पण त्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. आणि आता तो अनुसयाबाईंशिवाय कुणाला हुंकार देत नाही."

साहेबांनी अनुसयाबाईंकडे पाहिलं.

"सांगीन की," त्या म्हणाल्या. "चार दिवस लागतील. पण या खेपेला आडनावासकट सांगीन."

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं : 'सर्व कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेपूर्वी दहा मिनिटे उपस्थित राहावे.' वाचल्याबद्दल खाली प्रत्येकाने सही करायची होती. पहिली सही अनुसयाबाईंची होती.