थांबायला शिकवणारा दसरू

दसरू टेकाम माणसांना 'बे' म्हणतो आणि कुत्र्यांना 'जी'.

आमच्या चिचगडकडे 'जी' हा मोठ्या मानाचा शब्द. सासऱ्याला, सरपंचाला, दारी आलेल्या पाहुण्याला 'या जी, बसा जी' म्हणायचं. दसरूच्या अंगणात मात्र तहसिलीतला कारकून उभा असला तरी त्याला "काऊन आलास बे?" आणि त्याच दमात दारात आडव्या पडलेल्या कुत्रीला "थोडं सरका जी, मानूस येऊन राहिला." कुत्री सरकते. कारकून मात्र आत यावं की परत जावं या विचारात तिथेच उभा राहतो.

मी एकदा त्याला याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मानसाले मान भेटला का मानूस फुगते बे मास्तर. कुत्रा फुगत नाई."

मी चिचगडच्या शाळेत मास्तर. मूळचा आमगावचा, पण बायकोच्या वाट्याला आलेली दीड एकर धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, इथे जंगलाला लागून आहे, म्हणून नोकरीही इकडेच मागून घेतली. दसरूबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं. लिहीत नव्हतो, कारण त्याच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही एक गोष्ट लिहावी लागते, आणि ती चांगली नाही.

दसरूचं वय साठीच्या पुढे. पाय लांब, पोट पाठीला चिकटलेलं, छाती पुढे. त्याची कुत्रीही अगदी अशीच. तो त्यांना घेऊन शेताच्या धुऱ्यावरून चालू लागला की दुरून एकाच घरातली माणसं निघाल्यासारखी दिसतात. ही कुत्री काही आमच्याकडची गल्लीतली नव्हेत. वीसेक वर्षांपूर्वी पश्चिमेकडचे मेंढपाळ मेंढरं घेऊन इकडे उतरले होते. त्यांच्याकडे उंच, सुतासारख्या कमरेचे कारवानी कुत्रे होते. दसरूने एक पिल्लू मागितलं. त्यांनी नाही म्हटलं.

"तीन रोज त्यायच्या मेंढरामांगं चाललो," दसरू सांगतो. "चवथ्या रोजी त्यायचा म्हातारा बोलला, याले पिल्लू देऊन टाका बापा, नाई तं हा आपल्या घरापर्यंत येते."

त्या कारवानी कुत्र्याची जोड त्याने आपल्या गावठी कुत्रीशी लावली. तेव्हापासून त्याचा एकच हिशेब आहे: "पाय बापाचे, अक्कल मायची. उलटं झालं का पिल्लू फुकट."

दसरूचा बाप आणि आजा शिकारीत नाव काढलेले. त्या काळी शिकारीच्या मांसाचे वाटे पडत तेव्हा कुत्र्याचा वाटा माणसाच्या वाट्याएवढाच असे. पुढे कायदा आला, शिकार बंद झाली. बाकीच्यांनी कुत्री सोडली. दसरूने कुत्री ठेवली आणि काम फिरवून घेतलं. धान भरायला लागलं की रानडुकरं रात्री-पहाटे बांधीत उतरतात, आणि जेवढं खातात त्याच्या चौपट लोळून नासवतात. दसरूची कुत्री त्यांना उठवतात, पिटाळतात आणि जंगलाच्या कडेपर्यंत नेऊन सोडतात. चावायचं नाही. "आंगाले दात लागला का कुत्रा नापास."

वाट्याची रीत मात्र त्याने सोडली नाही. ज्याची बांधी राखली त्याने नवं धान घरी आलं की कुत्र्याचा वाटा द्यायचा. त्याचा भात दसरूकडे शिजतो, पळसाच्या पानांवर वाढला जातो, आणि कुत्र्यांचं झाल्याशिवाय माणसाच्या पानावर शीत पडत नाही. मी स्वतः त्याच्या पडवीत भुकेला बसून पाच कुत्र्यांचं जेवण सावकाश पार पडताना पाहिलं आहे. मधे मी जरा हललो, तर म्हणाला, "बस बे. त्यायले घाई करू नोको."

तो कुत्री विकत नाही. गोंदियाचा एक व्यापारी गाडी घेऊन आला होता. म्हणाला, "काका, बंगले के लिए कुत्ता चाहिए." दसरूने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दौडते क्या बे?" व्यापाऱ्याला कळेना. दसरूने दोनशे पावलांवरचं मोहाचं झाड दाखवलं. "वहाँ तक जाके आ." काय वाटलं कोण जाणे, तो बिचारा खरंच पळत गेला आणि चालत परत आला. दसरू म्हणाला, "तुमको कुत्ता नहीं, घंटी होना. दरवाजे पे लगा देना."

त्याची शिकवण पाहायला मी रविवारी सकाळी जाऊन बसायचो. पंचवीस वर्षं मुलांना शिकवतोय, पण असं शिकवणं मी पाहिलं नाही. पिल्लाच्या शिकवणीचा पहिला महिना कोंबड्यांच्या खुराड्यात. कोंबड्या टोचून टोचून त्याला शहाणं करतात, मग जन्मात ते कोंबडीकडे बघत नाही. दुसरा धडा गप्प राहण्याचा. तिसरा वळवण्याचा. आणि शेवटचा, सगळ्यांत लांबलचक धडा थांबण्याचा.

"धावाले तं कोनीही शिकते," दसरू म्हणतो. "थांबाले शिकवाले दोन-तीन साल लागतात."

त्यासाठी तो जुन्या पोत्याचं गाठोडं दोरीला बांधून ते ओढत स्वतः पळतो. साठी उलटलेला माणूस, कापलेल्या बांधीतून, अनवाणी. पिल्लू मागे सुसाट. मधेच तो जिभेने टाळूवर एक आवाज काढतो, सुपारी फुटल्यासारखा. तिथे पिल्लाने थांबायचं. नाही थांबलं तर दसरू मारत नाही, ओरडत नाही. तो जमिनीवर आडवा होतो. चिखल असो, धसकटं असोत, हातपाय पसरून मेल्यासारखा पडून राहतो. पिल्लू थोडं पुढे जातं, मागे बघतं, घाबरतं आणि परत येऊन त्याचं तोंड चाटू लागतं.

शाळेत नवीन आलेल्या एका बाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या धावत दवाखान्यात गेल्या होत्या. डॉक्टर येईपर्यंत दसरू उठून बसला होता. "मेलो नाई बाई," तो म्हणाला. "शिकवून राहिलो."

या सगळ्याचं फळ मी पाहिलं ते एका कार्तिकातल्या पहाटे. उजाडत होतं. माझ्या बांधीत तीन डुकरं उतरली होती. दसरूने भुरीला सोडलं. राखाडी-तपकिरी रंगाची, तेव्हा तीन वर्षांची कुत्री. ती भुंकली नाही. धानावरून वारा जावा तशी एक रेघ हलत गेली, आणि तिन्ही डुकरं उधळून जंगलाकडे निघाली. ती त्यांच्या इतकी जवळ होती की शेवटच्याची शेपटी तिच्या नाकाला लागत असावी. आणि जंगलाच्या कडेला, जिथे कुठलाही जीव मागे फिरला नसता, तिथे दसरूने जिभेने तो एवढासा आवाज केला. भुरी थांबली. पुढचा एक पाय उचललेला होता, तो तिने खालीही ठेवला नाही. डुकरं झाडीत गेली. ती पाहत उभी राहिली.

मीही तसाच उभा होतो. मी देवळात कधी असा उभा राहिलेलो नाही.

पुढच्या वर्षी मी भुरी मागितली. दसरू आधी घर तपासायला आला. चूल पाहिली, अंगण पाहिलं, मग माझ्या बायकोला विचारलं, "भांडन होते का घरात?" ती म्हणाली, "होते ना भाऊ, रोजच होते." दसरू खूश झाला. "खरं बोलते. कुत्रं राहीन या घरात."

जाताना त्याने मला एकच नियम सांगितला, तोही तीनदा. "जनावर समोर उभं असलं का तिचं नाव घेवाचं नाई. जीभ वाजव, नाई तं गप्प राय. नाव घेतलं का ते मांगं पायते. त्या टायमाले मांगं पायलं का संपलं."

भुरी आमच्याकडे दोन महिने होती. बायकोने तिला पोतं अंथरलं, मग जुनी गोधडी, मग तिच्याशी बोलायला लागली. माझ्याविषयीच बोलायची.

एका पहाटे बांधीत एकटा रानडुकराचा नर उतरला. मोठा, सुळ्यांचा. भुरी गेली, पण तो पळाला नाही. वळून उभा राहिला. भुरीही उभी राहिली, चार हात अंतरावर, जशी शिकली होती तशी. ती त्याला खिळवून होती. थोडा वेळ दिला असता तर तो निघाला असता, हे आज मला पक्कं ठाऊक आहे. पण त्याने डोकं खाली घातलं आणि मी घाबरलो. रोज सकाळी पन्नास मुलांची नावं घेणारं माझं तोंड. मी ओरडलो, "भुरी!"

तिने मागे पाहिलं.

चिचगडच्या गुरांच्या दवाखान्यात तिला टाके घातले तेव्हा दसरूने तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, "कसं झालं हो मास्तर?" तिथे चार-पाच माणसं जमली होती. मी म्हणालो, "ऐकलं नाही तिने. मी थांबवत होतो, अंगावर गेली."

दसरूने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग जखमेकडे पाहिलं. "बरं," म्हणाला. आणि तिला चादरीत घालून, खांद्यावर घेऊन आपल्या घरी गेला.

मी खोटं बोललो होतो, आणि तेही एका मुक्या जिवावर ढकलून. शाळेत मूल दुसऱ्याचं नाव सांगतं तेव्हा मी त्याला वर्गापुढे उभं करतो. त्या आठवड्यात मी कोणालाच उभं केलं नाही.

मग चहाच्या टपरीवर ऐकलं की दसरूने दोन नवी पिल्लं शेजारच्या गावात देऊन टाकली. शिकवणं सोडलं त्याने. "भुरी नापास झाली ना," टपरीवाला म्हणाला. "म्हतारा खचला. म्हनते, माहं शिकवनंच चुकलं."

हे ऐकल्यावर मात्र राहवलं नाही. जी विद्या त्याने वीस वर्षं चिखलात पडून उभी केली, ती माझ्या एका वाक्याने मोडली होती. बायको रोज विचारत होती, भुरी कधी येणार. त्या रविवारी मी सायकल काढली.

दसरू पडवीत बसला होता. भुरी शेजारी गोणपाटावर. मला पाहून ती उठली, जखमेची बाजू सांभाळत, आणि येऊन माझ्या गुडघ्याला डोकं लावून उभी राहिली. ते मला सहन होईना. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. नाव मी घेतलं. ती चुकली नाही. मी चुकलो, आणि वर खोटं बोललो.

दसरू तंबाखू मळत होता. "मालूम आये," म्हणाला.

"कसं?"

"आंगावर जानारं कुत्रं छातीवर मार खाते बे. हिनं बरगडीवर खाल्ला. जखमच सांगून राहिली का हे मांगं पायत होती."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस? सगळ्यांसमोर?"

"कायले? तू मास्तर आहास. उद्या पोरं हासतीन."

मी पडवीच्या कडेला बसलो. म्हणालो, "मग शिकवणं का सोडलंस? पिल्लं का दिलीस?"

"सोडलं कोन म्हनते?" तो चिडला. "पिल्लं हिच्या आंगावर उड्या मारत. टाके तुटले असते. म्हनून देल्ली."

मग त्याने मळलेली तंबाखू तोंडात टाकली. भुरी अजून माझ्या गुडघ्याशीच होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "एक गोठ सांगतो. कोनीही नाव घेतलं तं हे मांगं पायत नाई. माह्याच आवाजानं पायत होती, चार साल. तुया आवाजानं पायलं, तं समज ते तुयी झाली. घेऊन जा."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. टाक्यांच्या जागी केस यायला लागले होते. हाताला कुठेही ओल लागली नाही.

मी उठलो तसा तोही उठला. कुडाच्या खुंटीवरचा टॉवेल काढला, पुन्हा तिथेच टाकला. मग म्हणाला, "तुयं धान तं कापून झालं असन."

"झालं."

"मंग आता हिचं काई काम नाई तुयाकडे."

"नाही."

"घरवाली गेल्यापासून घरात आवाज नाई बे," दसरू भिंतीकडे बघत म्हणाला. "बाकीचे कुत्रे भायेर झोपतात. हे जखमी म्हनून आतमंधी घेतली. इच्या श्वासाचा आवाज येते, तं झोप लागते."

त्याने मागितलं काहीच नाही. मागायची सवयच नसावी. मी सायकल फिरवली. भुरी चार पावलं आली. मी थांबलो नाही, वळूनही पाहिलं नाही.

घरी बायको दारातच उभी होती. "आणली नाही?"

मी म्हणालो, "जखम अजून ओली आहे. उन्हाळा सरेपर्यंत तरी हलवायची नाही."