आशालताचे टोमॅटो आणि कृष्णाभाऊंची डॉक्टरकी

“माणसाचा ताप ओळखायला डॉक्टर लागतो, झाडाचा ओळखायला नुसते डोळे पुरतात!” असं कृष्णाभाऊंनी लेकीला फोनवर ठणकावून सांगितलं. त्या डोळ्यांवर चष्मा होता आणि त्याचा नंबर तपासून बरीच वर्षं झाली होती, पण ते सोडा.

नालासोपाऱ्यातल्या त्यांच्या गॅलरीत टोमॅटोची चार-पाच रोपं होती. बी त्यांच्या बायकोचं, आशालताचं. गिरीज गावातल्या तिच्या माहेरच्या वाडीतलं हे गावठी बी ती दरवर्षी राखेत घोळून डबीत ठेवायची. त्या वाडीवर आता इमारत उभी आहे, आणि आशालता माघात गेली. डबीत उरलं होतं तेवढं सगळं बी कृष्णाभाऊंनी वैशाखात पेरलं. या रोपांना फळ धरलं नाही, तर तिचे टोमॅटो कायमचे संपणार होते. म्हणून ते रोपांना दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नसत.

आणि आषाढात पानांच्या कडा करपायला लागल्या! खालची पानं गळाली, मातीवर पांढरी साय धरली.

कृष्णाभाऊंनी फोनमधल्या, झाडांचे रोग ओळखणाऱ्या ॲपला फोटो दाखवला. ॲप म्हणालं, करपा. चष्मा पुसून दुसरा फोटो काढला. ॲप म्हणालं, मर. तिसऱ्या फोटोत नुसता त्यांचा अंगठा आला, ॲपनं त्यालाही भुरी ठरवलं. भाऊ कुणाचाच शब्द मोडणारे नव्हते. करप्यावर आंबट ताक, मरीवर हळद, भुरीवर राख, असे तिन्ही उपचार एकदम सुरू झाले. गॅलरीत वास मारायला लागला, तोही त्यांनी ताकाच्या नावावर टाकला.

रोपं आणखी माना टाकू लागली, तसा त्यांचा धीर सुटला. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, “अज्ञात रोग. संसर्गाची शक्यता. आपापली झाडं सांभाळा.”

सेक्रेटरी अल्पेश हा वाट न बघणारा गृहस्थ. “सगळ्यांच्या कुंड्या गच्चीवर! आत्ताच्या आत्ता!” तुळशी, गुलाब, ओवा, सगळी वरात भर पावसात गच्चीवर गेली. बायका कृष्णाभाऊंकडे बघून तोंड फिरवू लागल्या.

शेवटी रोग येतो तरी कुठून, हे बघायला भाऊ भरदुपारी पडद्याआड दबा धरून बसले. थोड्या वेळानं शेजारच्या गॅलरीतून, ग्रिलमधून एक हात आला. हातात तांब्या होता.

“घे गं आशा,” शेजारच्या फेलिशियाबाय रोपांना सांगत होत्या. “खारे बांगडे धुतले आज. ताजं मासं नाय, पावसाच्या होड्या बंद हायत. हेच पी.”

“फेलिशियाबाय! काय ओतताय?”

“मासळीचं पानी,” त्या दचकून म्हणाल्या. “आशाच सांगून गेली. हॉस्पिटलात माझा हात धरला नि म्हनाली, मासळी धुतली की पानी मोरीत टाकू नको, माझ्या झाडांना घाल. मी शब्द दिलाय तिला.”

भाऊंनी मातीवरची साय बोटावर घेऊन जिभेला लावली. मीठ!

राग तर आलाच. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. “मला का नाही सांगितलं तिनं?”

फेलिशियाबाय जरा घुटमळल्या. “ती म्हनायची, ह्यांना झाडांशी बोलता येत नाय.”

कृष्णाभाऊ खुर्चीत बसले. फार वाईट वाटलं त्यांना, कारण ते खरं होतं.

“किती सुकली बगा बिचारी,” त्या कळवळून म्हणाल्या. “माझ्याकडनं काय कमी पडलं काय? उद्यापास्नं दुप्पट घालते.”

“नको!” भाऊ ओरडले, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. “तुमचं काही चुकलं नाही. माझ्या ताकानं बिघडलंय त्यांचं पोट. होड्या सुटेपर्यंत पथ्य. साधं पाणी घाला, पण रोज घाला.”

“नि तुमी?”

“मी नुसता उभा राहीन.”

ग्रुपवर त्यांनी लिहिलं, “रोग नव्हता. चूक माझी.” अल्पेशनं अंगठा पाठवला आणि खाली विचारलं, “मग काका, कुंड्या खाली कोण आणणार?” लिफ्ट बंद होती. सबंध इमारतीच्या तुळशी कृष्णाभाऊंनी एकेक करून घरोघर पोचवल्या आणि प्रत्येक दारात ऐकून घेतलं.

बाकीची रोपं गेली. एकाला मात्र नवी पालवी फुटली, आणि श्रावणात एक पिवळं फूल आलं. त्या दिवशी भाऊ गॅलरीत गेले. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. घसा खाकरला. चाळीस वर्षांच्या संसारात सुचलं नव्हतं ते आता कुठून सुचणार? बऱ्याच वेळानं ते खाली वाकून हळूच म्हणाले,

“जेवलीस का?”

“जेवले की!” ग्रिलपलीकडून फेलिशियाबाय म्हणाल्या.