'मिस्ड कॉल'चा सुखी अल्बम

कुणाचं दुःख दिसलं की मला स्वस्थ बसवत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत दुसऱ्याच्या संसारात लक्ष घालायला वेळ बरा मिळतो, आणि तो मी कधी फुकट घालवला नाही. दिल्लीतल्या द्वारकेतली आमची सोसायटी आणि महाराष्ट्र मंडळ मिळून मी जुळवलेल्या लग्नांपैकी एकही मोडलेलं नाही! म्हणजे, तेव्हा नव्हतं.

माझा भाचा चिन्मय हा मयूर विहारच्या हेमलताताईचा एकुलता एक मुलगा, आणि 'मिस्ड कॉल' नावाच्या बँडचा गायक. ही मुलं जे गातात त्याला इमो-पॉप म्हणतात. चाल नाचायची असते आणि शब्द रडायचे असतात. गायकाने डोळ्यांत काजळ घालायचं, केस एका डोळ्यावर ओढायचे आणि सोडून गेलेल्या मुलीला घसा फाटेपर्यंत जाब विचारायचा. चिन्मयला सोडून गेलेली मुलगी खरीच होती. तिचं नाव मयुरा. कॉलेज संपल्यावर तिच्या वडिलांची पुण्याला बदली झाली, फोनवर दोघांचं काहीतरी बिनसलं आणि संपलं. त्या एका भांडणावर या पोरांनी तीन अल्बम काढले. कॉलेजच्या मुली हमसून हमसून रडायच्या आणि इंग्रजी पेपरवाले खूश होऊन चार-चार स्टार द्यायचे.

अहो, पण पोरगा रोज रात्री स्टेजवर रडतोय, आणि घरातले टाळ्या वाजवतायत? मला ते बघवेना. मी तडक पुणे गाठलं. मयुरा तिथे एका आयटी कंपनीत होती, घरी नाट्यसंगीत ऐकायची, आणि आपल्यावर तीन अल्बम निघालेत याचा तिला पत्ताही नव्हता. मी ते तिला ऐकवले. अर्धा अल्बम होईपर्यंत ती हसली, मग डोळे पुसायला लागली. पुढचं सोपं होतं. लग्न झालं, तिने गुडगावला बदली करून घेतली, आणि चिन्मयने केस मागे वळवले. पोराला कपाळ आहे हे ताईलाही पुन्हा दिसलं.

मग आला चौथा अल्बम. नाव 'घर का खाना'! त्यात पराठ्यावर एक गाणं होतं, बायको ऑफिसातून यायची वाट बघण्यावर एक होतं. गुडगावच्या नव्या मॉलमध्ये प्रकाशन झालं. तिथे चड्ढा नावाचा एक समीक्षक हातात समोसा घेऊन उभा होता. त्याने विचारलं, आप कौन? झालं! मी त्याला पुण्याच्या तिकिटापासून अक्षतांपर्यंत सगळं ऐकवलं.

रविवारच्या पेपरात दोन स्टार आले. मथळा होता, 'जखम भरली, बँड संपला'. खाली लिहिलं होतं, 'गायकाचे मामा अभिमानाने सांगतात की त्याचं दुःख त्यांनीच दूर केलं. दिल्लीच्या संगीताचं एवढं नुकसान आजवर कुठल्याही नातेवाईकाने केलेलं नाही.' बाकीच्या पेपरांनी तीच री ओढली. कॉलेजांचे कार्यक्रम एकेक करून रद्द झाले. हेही मी पचवलं असतं. पण आमच्याकडे जेवायला आलेली मयुरा ताट ठेवायला आत गेली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, माझ्यामुळे झालं का हे?"

त्या पोरीचा तो चेहरा बघून मी ठरवलं की हे आपणच निस्तरायचं. शालिनीने, म्हणजे आमच्या मंडळींनी, दिवाळीसाठी केलेल्या चकल्यांचा डबा उचलला आणि चड्ढाचं ऑफिस गाठलं.

"आपको गलतफहमी हुई है," मी म्हटलं. "लड़का बिल्कुल खुश नहीं है. शादी तो बस नाम की है."

चड्ढाची चकली हवेतच थांबली. भल्यासाठी एवढंसं खोटं बोललो, त्यात काय बिघडलं, असं मी मेट्रोत बसल्यावर स्वतःला समजावलं.

पुढच्या रविवारी त्याच अल्बमला चार स्टार! चड्ढाला म्हणे तो पुन्हा ऐकताना उमगला. पराठ्याचं गाणं हा एकट्याने जेवणाऱ्या माणसाचा टाहो होता, आणि बायकोची वाट बघण्याच्या गाण्यात ती येतच नव्हती. 'चकल्या घेऊन आलेल्या एका जवळच्या नातेवाईकाने' या संसाराची दशा सांगितल्याचंही छापलं होतं. एफएमवर दिवसभर पराठा वाजायला लागला, मुली पुन्हा रडायला लागल्या, जयपूर आणि चंदीगडहून बोलावणी आली. मी मंडळात पेढे वाटले.

मयुराच्या आईचा पुण्याहून रडत फोन आला, तेव्हा पेढ्यांचा खोका अजून माझ्या हातात होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मयुराने आईची समजूत घातली आणि चिन्मयला सांगितलं की पेपरला एक फोन कर, हे सगळं खोटं आहे म्हणावं. तो म्हणाला, थोडं थांबूया ना यार, टूर होऊ दे. ती थांबली. टूर झाली. मग रेडिओवाल्यांनी त्याला बायकोबद्दल विचारलं, तेव्हा त्याने एक लांब सुस्कारा सोडला आणि काहीच बोलला नाही. मयुरा तेव्हा ऑफिसच्या कॅबमध्ये होती आणि तिथे तोच रेडिओ लावलेला होता. त्याच आठवड्यात तिने बदली मागितली आणि पुण्याला निघून गेली.

मी तिला फोन करून सगळं कबूल केलं.

"पेपरात त्या चकल्यांचं वाचलं तेव्हाच कळलं होतं मला, मामा," ती म्हणाली. "तुमच्यावर राग नाही. तुम्ही बोललात ते खोटंच होतं. तो रेडिओवर गप्प बसला आणि ते खरं झालं."

मी परत ये म्हटलं. तिने मामींची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

'मिस्ड कॉल'चा पाचवा अल्बम गेल्या महिन्यात आला. पाच स्टार! चड्ढाने असं दुःख दिल्लीने ऐकलेलंच नाही, असं लिहिलंय. मी कात्रण घेऊन मयूर विहारला गेलो. ताईने मला चहाही विचारला नाही. चिन्मयचे केस पुन्हा डोळ्यावर आले होते, आणि तो 'घर का खाना' लावून बसला होता. कात्रण त्याने हातात घेतलं नाही.

"हाच चांगला होता, मामा," तो म्हणाला.

खरंच चांगला होता हो. त्या पराठ्याच्या गाण्यात मागे कुणीतरी खुदकन हसतं, ती मयुरा आहे. हे कुठल्याच समीक्षकाला ऐकू आलं नाही, आणि मलाही त्या दिवशीच आलं.

मंडळात आता मुला-मुलींच्या पत्रिका घेऊन माझ्याकडे कुणी फिरकत नाही. परवा मात्र नोएडाहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. तोही कुठल्याशा बँडचा मॅनेजर होता आणि फार अदबीने बोलत होता.

"अंकल, हमारे सिंगर की भी शादी हो गई है," तो म्हणाला. "बहुत खुश रहता है. आप एक बार आ जाते, तो..."

मी फोन ठेवला. शालिनीने कुणाचा होता म्हणून विचारलं, तर राँग नंबर म्हणून सांगितलं. चकल्यांचा डबा तिने तेव्हापासून कुलपात ठेवलाय.